दुबळ्या बादशहाच्या मागे बंड का उभे राहते?

दरवर्षी १० मे आला की १८५७ वर तीच दोन भाषणे ऐकू येतात. पहिले भाषण सांगते, ते स्वातंत्र्यसमर होते, शंका काढू नका, हात जोडा. दुसरे भाषण आपल्याच काही मित्रांच्या तोंडी असते. ते सांगते, काडतुसाच्या चरबीवरून उच्चवर्णीय शिपायांनी घातलेला तो गोंधळ होता, आपला त्याच्याशी संबंध काय? दोन्ही भाषणे टाळ्या घेतात आणि दोन्ही भाषणे एक साधा प्रश्न टाळतात. तो प्रश्न आपल्या चळवळीच्या उपयोगाचा आहे, म्हणून हा लेख.

११ मे १८५७ च्या सकाळी मेरठहून निघालेले शिपाई यमुनेवरचा नावांचा पूल ओलांडून दिल्लीत शिरले आणि लाल किल्ल्याशी गेले. आदल्या दिवशी त्यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांवर हत्यार उचलले होते, तुरुंग फोडून साथीदार सोडवले होते. बंदुका, कवायत, हिंमत सारे त्यांच्याजवळ होते. आणि ते गेले कोणाकडे? बहादूरशहा जफरकडे. वय ८१. गझला लिहिणारा, कंपनीच्या महिना एक लाख रुपये तनख्यावर जगणारा माणूस. त्याचा हुकूम किल्ल्याच्या भिंतीबाहेर चालत नव्हता. हा मेल्यावर पुढच्याला बादशहा म्हणायचे नाही, हे कंपनी सरकारने १८५६ मध्येच ठरवून टाकले होते.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात बारावीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, ज्यांच्या हातात बंदूक होती ते बंदूक नसलेल्या म्हाताऱ्यासमोर का वाकले? त्यांच्यातलाच एखादा सुभेदार राजा का झाला नाही?" वर्गातली मुले हसली. मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. १८५७ वरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा तो नेमका होता. तेव्हा तिला जे सांगितले तेच इथे जरा विस्ताराने मांडतो.

पहिले कारण कायद्याचे आहे. आज आपल्याला जफर दुबळा दिसतो, पण कंपनीचे स्वतःचे कागद त्याच्या घराण्याच्या शिक्क्यावर उभे होते. १७६५ मध्ये बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीला मिळाली ती शाहआलम बादशहाच्या फर्मानाने. म्हणजे कागदावर कंपनी ही बादशहाची दिवाण होती, वसुली करणारी नोकर. १८३५ पर्यंत कंपनीच्या टांकसाळी मोगल बादशहाच्या नावाने रुपये पाडत होत्या. गावोगाव दवंडी पिटली जाई ती अशी, की सृष्टी खुदाची, मुलूख बादशहाचा आणि हुकूम कंपनी बहादूरचा. शिपायांनी या दवंडीतला शेवटचा तुकडा तेवढा काढून टाकला. त्यांच्या दृष्टीने बंड त्यांनी केलेच नव्हते, बंडखोर कंपनी होती. एफ. डब्ल्यू. बकलर नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १९२२ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला, की १८५७ मध्ये कायद्याने फितूर कोणी असेल तर ती कंपनी. पुढे याच कंपनीच्या सरकारने लाल किल्ल्यात बादशहावर राजद्रोहाचा खटला चालवला. नोकराने मालकावर बेइमानीचा आरोप ठेवला आणि निकालही स्वतःच दिला!

दुसरे कारण पोटाचे आणि पगाराचे. शिपाई हा मीठ खाणारा माणूस. एकाचे मीठ सोडले की दुसऱ्याचे खावे लागते, नाहीतर तो शिपाई राहत नाही, लुटारू ठरतो. दिल्लीत हजारो सैनिक जमले. त्यांना रोज पीठ, डाळ, घोड्यांना चंदी लागणार. सावकार कर्ज देणार कोणाच्या सहीवर? कोतवाल हुकूम मानणार कोणाच्या नावाचा? शेजारच्या राजाला मदतीचे पत्र कोण लिहिणार? एखाद्या सुभेदाराच्या सहीला बाजारात किंमत नव्हती. बादशहाच्या शिक्क्याला होती. त्याचा खजिना रिकामा होता, पण शिक्का रिकामा नव्हता.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जफर दुबळा असूनही निवडला गेला, असे आपण म्हणतो. खरे तर तो दुबळा होता म्हणूनही निवडला गेला. बंडात कोण कोण होते ते पाहा. अवध आणि बिहारमधले ब्राह्मण-राजपूत शिपाई, मुसलमान घोडेस्वार, रोहिलखंडाचे पठाण, कानपुरात नानासाहेब पेशवा, झाशीत राणी लक्ष्मीबाई, लखनौत बेगम हजरतमहल. यांतला कोणीही बलवान पुढारी उद्या सर्वांचा मालक झाला असता, तर बाकीच्यांनी त्याच संध्याकाळी आपापली वाट धरली असती. ज्याच्याजवळ स्वतःची फौज नाही, त्याची कोणाला भीती नाही. प्रत्येकाला वाटते, हा आपलाच आहे. लखनौतही तेच झाले. गादीवर बसवला गेला तो बिरजीस कद्र, बारा वर्षांच्या आतबाहेरचा पोर. आमच्या कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला, तेव्हा संशयाची बोटे गेली ती राजाचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्याकडे, आणि त्यांना कराचीला नेऊन ठेवले. हे हिंदुस्थानापुरतेही नाही. व्हिएतनाममध्ये १८८५ मध्ये फ्रेंचांविरुद्ध लोक उठले तेही हाम न्घी नावाच्या किशोरवयीन बादशहाच्या नावाने. एक म्हातारा, एक पोर, दुसरा पोर. हा योगायोग नाही. ही युतीची गरज आहे.

बादशहाला घेऊन शिपायांनी काय केले तेही बघायला हवे. ते त्याच्या पाया पडत बसले नाहीत. समकालीन वृत्तांत सांगतात की शिपाई दरबारात जोड्यांसह शिरत, बादशहाला अरेतुरे करत. खरा कारभार पाहण्यासाठी त्यांनी दहा जणांचा एक जलसा नेमला, सहा सैन्यातले आणि चार मुलकी. निर्णय बहुमताने व्हायचे. १८५७ साली दिल्लीत शिपायांनी मतदानाने चालणारी कमिटी बनवली, ही लहान गोष्ट नाही. बादशहाकडे उरले ते मध्यस्थाचे काम, आणि ते त्याने एकदा फार चांगले केले. १ ऑगस्टला बकरी ईद होती. इंग्रजांना आशा होती की गाईवरून दिल्लीत हिंदू-मुसलमान एकमेकांचे गळे धरतील. बादशहाने शहरात गोहत्येला बंदी केली आणि ईद शांततेत गेली. दुबळ्या माणसाचा शब्द दोन्ही बाजूंनी मानला, कारण तो कोणत्याच बाजूच्या तलवारीचा नव्हता.

महाराष्ट्राला हे नवे नाही. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालले. महादजी शिंद्यांनी आंधळ्या शाहआलमला पुन्हा तख्तावर बसवले आणि दिल्ली आपल्या हातात ठेवली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली, तेव्हा छत्रपती प्रतापसिंह दुसऱ्या बाजीरावाच्या छावणीतच होते. राजा म्हणून नाही, जवळजवळ कैदी म्हणून. पुढच्याच महिन्यात अष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले आणि इंग्रजांनी लगेच त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवून पेशव्याविरुद्ध लोकमत आपल्या बाजूला वळवले. काम संपले तेव्हा १८३९ मध्ये त्याच प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले. याचा अर्थ काय? नामधारी राजा हा बंडवाल्यांचाच शोध आहे असे नाही. पेशव्याने तो वापरला, शिंद्यांनी वापरला, इंग्रजांनी तर सर्वांत हुशारीने वापरला. राजा कोणाचा, तर ज्याच्या छावणीत त्याचा तंबू आहे त्याचा.

इथपर्यंत बहुतेक इतिहासकार येतात आणि थांबतात. आपल्याला थांबता येत नाही. आपल्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. ज्या नावाखाली लोक गोळा झाले, त्या नावाचा अर्थ सर्वांना एकच होता का?

नानासाहेबाला १८५७ च्या उन्हाळ्यात पेशवा म्हणून जाहीर केले गेले. बिठूरमधल्या त्याच्या माणसांना 'पेशवा' या शब्दात गेलेले वैभव दिसले असेल. पुण्याच्या मांगवाड्यात, महारवाड्यात त्याच शब्दात काय दिसत होते? याला साक्षीदार आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांगाची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ मध्ये छापून आला. नानासाहेब पेशवा होण्याच्या अवघी दोन वर्षे आधी. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याच्या शिराचे काय होत असे, इमारतीच्या पायात कोणाला गाडले जाई, ते तिने लिहून ठेवले आहे. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू याचा उल्लेख बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये केला आहे. आता मुक्ताच्या घरच्यांनी पेशव्याचे नाव ऐकून ढोल वाजवावेत अशी अपेक्षा करायची? नाव एकच, पण एकाच्या छातीत अभिमान आणि दुसऱ्याच्या मानेवर मडके.

दुसरा पुरावा बंडवाल्यांच्याच हातचा आहे. २५ ऑगस्ट १८५७ चा आझमगडचा जाहीरनामा. मोगल घराण्यातल्या फिरोजशहाच्या नावाशी तो जोडला जातो. तो कोणाकोणाला उद्देशून आहे? जमीनदार, व्यापारी, सरकारी नोकर, कारागीर आणि पंडित-फकीर. विलायती मालाने विणकर, पिंजारी, सुतार, लोहार आणि चांभारही बेकार झाले असे त्यात म्हटले आहे, आणि हे खरे दुखणे होते. पण उपाय काय सुचवला? कारागिरांना राजे, रजवाडे आणि श्रीमंत यांच्या चाकरीत काम मिळेल. आणि जमीनदारांची तक्रार काय? साधी रयत, मोलकरीण किंवा गुलाम यांनी दावा लावला तरी प्रतिष्ठित जमीनदाराला कोर्टात खेचले जाते, तुरुंगात टाकले जाते, अब्रू जाते. बादशाही आली की प्रत्येक जमीनदार आपल्या जमीनदारीत पूर्ण मुखत्यार राहील, असे वचन त्यात आहे.

हे वाक्य मी अभ्यासवर्गात दोनदा वाचून दाखवले. मोलकरणीने दावा लावला हा ज्या क्रांतीच्या तक्रारींच्या यादीत गुन्हा आहे, ती क्रांती मोलकरणीची कशी होणार? आणि जमीन कसणाऱ्या, पण नावावर जमीन नसलेल्या माणसासाठी त्यात रकानाच नाही.

म्हणून १८५७ आपले नव्हते म्हणायचे का? तसेही नाही. झाशीच्या किल्ल्यात कोरी समाजातली झलकारीबाई लढली, लखनौच्या सिकंदरबागेत पासी समाजातली ऊदादेवी लढली, असे लोकस्मृती आजही सांगते. दमदमच्या कारखान्यातल्या एका खालच्या जातीच्या खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाणी मागितले, शिपायाने जात काढली, तेव्हा तुमची जात आता काडतुसानेच जाणार आहे, असे त्याने सुनावले. हा प्रसंग इंग्रजांच्या दप्तरात आहे, पण त्यात खलाशाला नाव नाही. दलित साहित्याने त्याला मातादीन हे नाव दिले. आपली माणसे लढली, मेली. पण ज्याच्या नावाने लढली त्या नावाच्या आत त्यांच्यासाठी जागा राखलेली नव्हती. लढण्यात वाटा होता, करारात नव्हता.

इंग्रज आपले तारणहार होते असे समजणाऱ्यांनीही पुढचे पान वाचावे. बंगालच्या फौजेचे बंड मोडायला मुंबई आणि मद्रासच्या फौजा उपयोगी पडल्या आणि त्यांत अस्पृश्य सैनिक मोठ्या संख्येने होते, हे बाबासाहेबांनी स्वतः मांडले आहे. त्याचे बक्षीस काय मिळाले? १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने संस्थानिकांना त्यांच्या हक्कांची आणि धर्ममार्तंडांना धर्मात हात न घालण्याची हमी दिली. हरलेल्या सनातन्यांना जिंकलेल्यांकडून हवे ते मिळाले. आणि १८९० च्या दशकात महारांची लष्करभरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांना त्यासाठी अर्ज लिहावा लागला. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांच्या तोंडावर सांगितले की तुमच्या राज्यात आमची विहीर, आमचे देऊळ, आमची नोकरी यांत काही बदल झाला नाही, म्हणून आम्हालाही लोकांचे राज्य हवे. ते बादशहाच्या बाजूचे नव्हते आणि राणीच्याही बाजूचे नव्हते. तिसरी बाजू असू शकते हे त्यांनी शिकवले.

आता हा इतिहास मला स्वतःला का टोचतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात गायरान कसणाऱ्यांना जमीन खाली करण्याच्या नोटिसा आल्या. पाच संघटना धावून आल्या. पाचांचे झेंडे निळेच, पण एकाचे तोंड दुसऱ्याकडे नाही. अध्यक्ष कोण यावर तीन बैठका गेल्या. शेवटी एका निवृत्त गुरुजींचे नाव निघाले आणि पाच मिनिटांत एकमत झाले. का झाले ते प्रत्येकाला कळत होते. गुरुजी कोणत्याच गटाचे नव्हते, निवडणूक लढणार नव्हते, कोणाला खाली ओढणार नव्हते. सज्जन माणूस. मी तेव्हा समितीचे इतिवृत्त लिहायचो.

त्या सज्जनपणाचा फायदा झाला हे नाकारता येणार नाही. मोर्चा एवढा मोठा निघाला की नोटिसांची कारवाई थांबली. गुरुजी पुढे चालत होते म्हणून पाचही संघटनांची माणसे एका ओळीत चालली. पण पहिल्याच बैठकीत मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या विधवेने विचारले होते, "ज्याच्या नावावर पंचनाम्यात काहीच नाही, नुसती मजुरी करते, तिचं काय करणार?" इतिवृत्ताच्या वहीत तो प्रश्न आहे आणि त्याच्यासमोर लिहिले आहे, 'पुढील बैठकीत विचार व्हावा.' पुढच्या सात बैठकांत तो विषय पत्रिकेवर आला नाही. प्रत्येक वेळी हेच ठरले, की आधी नोटिसा थांबू द्या, फूट पडेल असे काही काढू नका.

मग बोलणी सुरू झाली. अधिकाऱ्याने विचारले, तुमची मागणी नेमकी काय? ज्यांच्याकडे १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या कसवणुकीचा पुरावा आहे त्यांचीच नावे लावायची, की सर्वांची? चार एकर धरून बसलेल्याला चार एकर, की सर्वांना सारखी? बाईचे नाव लागणार की नवऱ्याचेच? गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. कागदावर उत्तर नव्हते. त्यानंतर महिनाभरात कार्यालयाने प्रत्येक गटाला वेगळे बोलावले आणि प्रत्येक गट वेगळा गेला. पुरावेवाल्यांची यादी लागली. ती म्हातारी यादीत नाही. गुरुजींवर राग काढण्यात अर्थ नाही. त्यांना आम्ही बसवले होते ते वाद न व्हावा म्हणून, निर्णय घ्यावा म्हणून नव्हे.

दिल्लीचे शेवटचे दिवस वाचताना मला हीच वही आठवते. सप्टेंबर १८५७ मध्ये शहर पडू लागले तेव्हा बादशहाचा व्याही मिर्झा इलाहीबक्ष आतून इंग्रजांना सामील होता. सेनापती बख्तखान बरोबर चला म्हणत होता, पण बादशहा हुमायूनच्या मकबऱ्यात थांबला आणि पकडला गेला. ज्याच्यावर सर्व नावे टांगली होती तो खुंटा निघाला आणि सर्व नावे खाली पडली. तो रंगूनला ७ नोव्हेंबर १८६२ ला वारला. उद्या राज्य आले तर जमीन कोणाची, कोर्टात मोलकरणीला उभे राहता येईल का, याचे उत्तर शेवटपर्यंत कोणाला द्यावेच लागले नाही. दुबळे प्रतीक एकी देते. पण त्या एकीची किंमत असते, अवघड प्रश्न पुढे ढकलण्याची. आणि पुढे ढकलला जाणारा प्रश्न नेहमी सर्वांत खालच्या माणसाचा असतो.

प्रस्थापितांना हे आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणूनच गावागावांत राखीव जागेवर गरीब, मितभाषी माणूस शोधून सरपंच केला जातो आणि शिक्का दुसऱ्याच्या खिशात राहतो.

मग उपाय काय, बलवान पुढारी? आपल्याकडचे अनेक तरुण आता हेच म्हणतात. एक खमका नेता द्या, बाकी तो बघून घेईल. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात याच रस्त्याबद्दल बजावले होते, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्यांनी स्वतः वेगळी रीत घालून दिली. महाडला १९२७ मध्ये त्यांनी कोणा राजाला पुढे केले नाही. परिषद भरवली, ठराव मांडले, वाचून दाखवले, मते घेतली. लोक ठरावामागे उभे राहिले. आणि संविधानात त्यांनी नामधारी प्रमुख ठेवलाच की! राष्ट्रपती देशाचे प्रतिनिधित्व करतो पण कारभार चालवत नाही, असे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत स्पष्ट केले. मग जफर आणि राष्ट्रपती यांत फरक कोणता? जफरच्या मागे नुसते नाव होते. राष्ट्रपतीच्या मागे लिहिलेला करार आहे, आणि त्या करारात कलम १७ आहे. सर्वांत खालच्या माणसाचा प्रश्न तिथे पुढच्या बैठकीवर ढकललेला नाही.

त्या मुलीला मी शेवटी एवढेच सांगितले. शिपाई मूर्ख नव्हते. त्यांना एकी हवी होती आणि ती ज्या भावाने मिळत होती त्या भावाने त्यांनी घेतली. आपल्यालाही उद्या पाच झेंडे एकत्र आणायला एखादे गुरुजी लागतील, जरूर आणू या. पण गुरुजींना खुर्चीवर बसवण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर मागणी लिहिली गेली पाहिजे, आणि ती मागे बसलेल्या म्हातारीच्या प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे. ज्या गटाला ते पान मान्य नसेल त्याने पहिल्याच दिवशी उठून जावे. मोर्चा थोडा लहान निघेल, चालेल.

जयभीम.